पावसाळ्यात कॉस्टिकला पाणी सुटतं, मे महिन्यात बाटल्या फुगतात: प्रयोगशाळेतल्या दरवर्षीच्या तक्रारीचं निवारण

जुलैतली दुपार, प्रथम वर्षाची बॅच. एका मुलीने सोडियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे कॉस्टिकच्या, चार-पाच गोळ्या वॉच ग्लासवर घेऊन बॅलन्सवर ठेवल्या आणि वहीत आकडा टिपायला वाकली. टिपेपर्यंत आकडा बदलला. खोडून पुन्हा लिहिला, पुन्हा बदलला. "मॅडम, आकडा थांबतच नाही." मी जवळ जाऊन बघितलं. पांढऱ्या गोळ्यांवर आधी ओली चकाकी आली, मग एकेका गोळीच्या बुडाशी पाण्याचं कडं धरलं आणि थोड्या वेळाने दोन गोळ्या एकमेकींना चिकटल्या. बॅलन्समध्ये काही बिघाड नव्हता. गोळ्या हवेतलं पाणी ओढत होत्या आणि बॅलन्स ते बरोबर मोजत होता.

आमचं कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या जवळ. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. जून ते सप्टेंबर घरोघरी मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात. तेच आमच्या कपाटात होतं. कॉस्टिकचा दगड, कॅल्शियम क्लोराइडचा पाक, फेरिक क्लोराइडचा तपकिरी चिखल, गळून पडलेली लेबलं. आणि त्याच्या आधी मे महिन्यात, सुट्टीत बंद असलेली खोली तापून अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटल्या फुगलेल्या. कित्येक वर्षं आम्ही हे असंच चालायचं म्हणून सोसलं आणि ऑक्टोबरात नवा माल मागवत राहिलो. मग एका पावसाळ्यात आमचे प्रयोगशाळा सहायक मामा आणि मी ठरवून एकेका गोष्टीचा छडा लावला. कशाने फरक पडला आणि कशाने उलट नुकसान झालं, दोन्ही सांगते.

आधी केलेले उपाय आणि ते का फसले

पहिला उपाय सगळेच करतात, बाटलीत सिलिका जेलची पुडी. कॉस्टिकच्या बाटलीत तिचा काही उपयोग होत नाही. पुडीने थोडंसं पाणी ओढलं की तिच्यापेक्षा कॉस्टिकच जास्त तहानलेलं असतं, त्यामुळे पुढचं पाणी कॉस्टिककडेच जातं. शिवाय बुटांच्या किंवा औषधांच्या खोक्यातून जमवलेल्या पुड्या बहुतेक वेळा आधीच भरलेल्या असतात. त्या फुटून दाणे रसायनात मिसळले तर बाटली वाया जाते, हे वेगळंच.

दुसरा उपाय फ्रिज. ओलाव्याने बिघडणारी दोन-तीन रसायनं आम्ही फ्रिजमध्ये ठेवली आणि ती आधीपेक्षा लवकर बिघडली. कारण फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच उघडली जायची. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून जसं पाणी धरतं, तसंच उघडलेल्या थंड बाटलीत आतून धरतं. फ्रिजमध्ये माल कोरडा असतो, टेबलावर येऊन झाकण फिरवलं की त्याच क्षणी ओला होतो.

तिसरा उपाय आम्हाला सर्वांत खात्रीचा वाटला होता आणि त्यानेच सर्वांत जास्त नुकसान केलं. स्टोअर रूमला एसी बसवला. दिवसा खोली २४ अंशांवर, संध्याकाळी पाच वाजता एसी बंद. कोकणात पावसाळ्यात हवा साधारण ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली, तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २७ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणार. एसी बंद झाल्यावर दाराच्या फटीतून ओली हवा आत यायची आणि २४ अंशांच्या भिंतींवर, फळ्यांवर, बाटल्यांवर दव बसायचं. सकाळी लेबलं ओली का असतात, याचं उत्तर आम्हाला तिथे सापडलं. एसी चोवीस तास चालू ठेवता येत असेल तर तो जरूर ठेवा. फक्त कॉलेजच्या वेळेत चालणारा असेल, आणि त्यात वीज जाण्याचा नेम नसेल, तर नसलेला बरा.

मोजल्याशिवाय काही कळत नाही

बाजारात मिळणारा साधा डिजिटल आर्द्रतामापक कपाटात ठेवला. पण तो खरं दाखवतो की नाही, हे तपासायला मीठ पुरतं. एका छोट्या वाटीत मीठ घ्या, त्यात पाण्याचे मोजके थेंब घालून ओल्या वाळूसारखा लगदा करा आणि ती वाटी मापकासह घट्ट झाकणाच्या डब्यात एक दिवस ठेवा. डब्यात आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात पाच मिळवायचे.

दुसरी शंका होती बाटलीच्या श्वासाची. दिवसा तापून बाटलीतली हवा प्रसरण पावते, रात्री आकुंचन पावते आणि ओली हवा आत ओढली जाते, असं आम्ही वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो होतो. हिशोब मांडून बघितला. अर्ध्याहून रिकाम्या बाटलीत ४०० मिलिलिटर हवा आहे आणि तापमान १० अंशांनी बदलतं, असं धरलं तर दिवसाला जेमतेम १३ मिलिलिटर हवा आत-बाहेर होते. त्या हवेत पाण्याची वाफ किती, तर मिलिग्रॅमचा एक तृतीयांश. चार महिन्यांत सुमारे ४० मिलिग्रॅम. पाव किलो कॉस्टिकला तेवढ्याने काहीही होत नाही. म्हणजे श्वास हे कारणच नव्हतं. झाकण नीट बसत असेल तर बंद बाटली पावसाळा सहज काढते.

मग उरली दोन कारणं: झाकण नीट बसत नाही, किंवा बाटली उघडी राहते.

झाकणाची परीक्षा मामांच्या डोक्यातून आली. रिकामी, कोरडी बाटली घ्यायची, तिच्यात ओव्हनमधून काढून निववलेलं निळं सिलिका जेल चमचाभर टाकायचं, झाकण नेहमीच्या जोराने लावायचं आणि आठवडाभर टेबलावर सोडायचं. जेल निळंच राहिलं तर झाकण चांगलं, गुलाबी झालं तर टाकून द्यायचं. जुन्या काचेच्या बाटल्यांची काळी झाकणं यात भराभर नापास झाली. आतली चकती झिजलेली, कुणीतरी ती काढूनच टाकलेली, काठावर रसायनाची खर जमलेली. कडेला रसायन जमलं की झाकण कितीही आवळा, बसत नाही. तेव्हापासून झाकण लावण्याआधी बाटलीचं तोंड कोरड्या कापडाने पुसायचं, हा आमच्याकडे पहिला नियम. कॉस्टिक असेल तर हातमोजे घालून.

बाटली उघडी किती राहते, हे घड्याळ लावून बघितलं. वीस मुलांची बॅच एका बाटलीतून पाळीपाळीने गोळ्या घेते. झाकण टेबलावर, बाटली उघडी, बॅच संपेपर्यंत तशीच. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो, ओला चमचा घालू देत नाही, आणि इथे चारशे रुपयांची बाटली तासभर पावसाच्या हवेत उघडी. खरं गळकं भोक तेच होतं.

प्रत्येकाची मर्यादा वेगळी

आमचं कपाट अक्षरानुक्रमे लावलेलं होतं. ते मोडून टाकलं, कारण हवेतल्या ओलाव्यासमोर प्रत्येक क्षाराची सहनशक्ती वेगळी असते. आर्द्रता एका ठरावीक टक्क्याच्या वर गेली की तो क्षार पाणी ओढून विरघळायला लागतो. कॉस्टिकची ही मर्यादा दहाच्याही खाली आहे. मॅग्नेशियम क्लोराइडची सुमारे ३३, पोटॅशियम कार्बोनेटची सुमारे ४३, साध्या मिठाची ७५, पोटॅशियम नायट्रेटची नव्वदीच्या पुढे. म्हणून ८५ टक्क्यांच्या हवेत मिठाला पाणी सुटतं आणि शेजारचं पोटॅशियम नायट्रेट खडखडीत राहतं.

यातून एक सोपा निर्णय करता येतो. ज्यांची मर्यादा सत्तरीच्या आसपास आहे, त्यांच्यासाठी कपाट थोडं गरम ठेवलं तरी भागतं. पेटीवादक पेटीच्या कपाटात छोटा बल्ब लावतात, तेच तत्त्व. ३० अंश आणि ८५ टक्क्यांची हवा ३६ अंशांपर्यंत गरम केली की आर्द्रता साठच्या आसपास उतरते. अशा कपाटात फक्त न पेटणारे, उष्णतेने न बिघडणारे साधे क्षार ठेवायचे. ईथर, ॲसिटोन, अल्कोहोल, पेरॉक्साइड, ब्लीचिंग पावडर यांतलं काहीही त्या कपाटाच्या आसपाससुद्धा नको. आणि कॉस्टिक किंवा कॅल्शियम क्लोराइडला या बल्बचा काही उपयोग नाही. साठ टक्के त्यांच्यासाठी मुसळधार पाऊसच आहे.

आता आम्ही काय करतो

नवी ५०० ग्रॅमची बाटली आली की ती ज्या दिवशी उघडतो, त्याच दिवशी शंभर-शंभर ग्रॅमच्या रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून टाकतो. हे काम कोरड्या दिवशी, शक्यतो डिसेंबर-जानेवारीतल्या दुपारी. एक बाटली वापरात, बाकीच्या स्वयंपाकघरात असतात तसल्या चारी बाजूंनी क्लिप लागणाऱ्या डब्यात, तळाशी सिलिका जेलची उघडी वाटी ठेवून. इथे सिलिका जेल खरं उपयोगी पडतं. ते बाटलीच्या आत नाही, बाहेर असतं आणि बाटल्यांभोवतीची हवा कोरडी ठेवतं. वाटीत मूठ-दोन मुठी जेल लागतं, एक पुडी पुरत नाही. गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते कर्करोगाचा धोका असलेल्या पदार्थांत मोडतं. म्हणून हाताने चाळवायचं नाही, धूळ उडवायची नाही. नवीन घेताना आम्ही नारिंगी रंगाचं घेतो.

आम्ल वायू सोडणारी रसायनं या डब्यात घालायची नाहीत. ॲनहायड्रस (पाण्याचा अंश नसलेलं) ॲल्युमिनियम क्लोराइड, फॉस्फरस पेंटाक्लोराइड, ॲसिटिल क्लोराइड, थायोनिल क्लोराइड यांना ओलावा लागला की हायड्रोजन क्लोराइडसारखे वायू सुटतात. घट्ट डब्यात दाब वाढतो आणि शेजारच्या बाटल्यांची झाकणं गंजतात. त्यांची जागा फ्यूम हूडखालच्या (वायू बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त ओट्याखालच्या) हवेशीर कपाटात, सिंकपासून लांब. तसंच हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया एका कपाटात ठेवू नका. सगळ्या बाटल्यांवर पांढरी भुकटी बसलेली दिसते ना, ती धूळ नाही, अमोनियम क्लोराइड आहे. म्हणजे दोन्ही झाकणं गळतायत.

कॉस्टिकपुरता सर्वांत मोठा फरक पडला तो मुलांकडून गोळ्या मोजून घेणं बंद केल्याने. ओली गोळी मोजली की त्यात पाणी किती, हे कळत नाही. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून तिचं थोडं कार्बोनेट झालेलं असतं. मग आम्लाशी मोजणी करताना फिनॉल्फ्थॅलीन या रंगदर्शकाने एक उत्तर येतं आणि मिथिल ऑरेंजने दुसरं, आणि मुलं बिचारी स्वतःच्या हाताला दोष देतात. आता आम्ही शिक्षकच ५० टक्क्यांचं दाट द्रावण करून ठेवतो. वजनाला वजन पाणी घेऊन त्यात गोळ्या थोड्या थोड्या घालायच्या, उलट कधीच नाही. भांडं बर्फाच्या पाण्यात, चष्मा आणि हातमोजे घालूनच, कारण द्रावण उकळीइतकं तापू शकतं. इतक्या दाट द्रावणात सोडियम कार्बोनेट विरघळत नाही, ते काही दिवसांत तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत काढायचं. लिटरला साधारण सव्वापाच मिलिलिटर घेतलं की ०.१ मोलरच्या जवळ जातं, आणि नेमकी तीव्रता ऑक्झॅलिक आम्लाने ठरवायची. काचेच्या बुचाच्या बाटलीत हे ठेवलंत तर बूच कायमचं बसेल.

फ्रिजमधल्या बाटलीसाठी नियम असा: प्रयोगाच्या निदान दोन तास आधी बंद बाटली बाहेर काढायची, मोठी असेल तर आदल्या रात्री. बाहेरून पुसल्यावर पुन्हा दव धरत नाही, याची खात्री झाली की मगच झाकण फिरवायचं. आणि घरगुती फ्रिजमध्ये ईथरसारखं काही ठेवू नका. त्याच्या आत दिव्याचा खटका आणि थर्मोस्टॅट असतो. तेवढ्या ठिणगीला साठलेली वाफ पुरते.

लेबल पेन्सिलने लिहायचं, कारण शाई पसरते, आणि वरून रुंद पारदर्शक टेप. त्यावर उघडल्याची तारीख आणि झाकणासकट बाटलीचं वजन. काम झालं की नवं वजन खाली लिहायचं. पुढच्या वेळी वजन वाढलेलं दिसलं तर बाटलीने पाणी घेतलं आहे. उघडून बघायची गरज नाही.

यांना कोरडं करू नका

हे मी वेगळं लिहिते, कारण ओलाव्याच्या धास्तीने इथे जिवावर बेतणारी चूक होऊ शकते. २,४-डायनायट्रोफिनाइलहायड्राझिन आणि पिक्रिक आम्ल मुद्दाम पाण्याने भिजवून विकतात. पिक्रिक आम्लात निदान ३० टक्के पाणी हवं. ती कोरडी पडली की घर्षणाने किंवा धक्क्याने स्फोट होऊ शकतो. त्यांना सिलिका जेलच्या डब्यात किंवा डेसिकेटरमध्ये (रसायन कोरडं ठेवायच्या काचेच्या भांड्यात) ठेवायचं नाही. विदर्भातल्या कॉलेजांत, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते, तिथे या बाटल्या दर महिन्याला बघायला हव्यात. आमच्या उलट तक्रार तिकडे असते: धुण्याच्या सोड्याचे स्फटिक पाणी सोडून पिठासारखे होतात आणि मग त्यांचं वजन फसवतं.

पिक्रिक आम्लाच्या झाकणाभोवती पिवळे कोरडे स्फटिक दिसले तर झाकण फिरवू नका, बाटली हलवू नका. खोली बंद करा, विभागप्रमुखांना सांगा आणि जाणकारांना बोलवा. टोलेन्सचं द्रावणही (चांदीच्या आरशाच्या चाचणीचं, सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाचं) साठवायचं नाही. प्रयोगापुरतं करायचं आणि तास संपल्यावर लगेच आम्लाने निकामी करायचं.

मे महिन्यातल्या बाटल्या

एका जूनमध्ये सुट्टीनंतर मामांनी अमोनियाची बाटली उघडली आणि झाकण सैल होताच द्रावण फसकन वर आलं. ते बाजूला उभे होते म्हणून डोळे वाचले, मनगटावर मात्र उडालं. वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या खाली, बंद खोलीत दोन महिने तापलेली बाटली होती ती. तो दिवस मला विसरता येत नाही. तेव्हापासून उष्णतेने बिघडणारी सगळी रसायनं तळमजल्यावर उत्तरेकडच्या खोलीत, खालच्या फळीवर. अमोनिया उघडण्याआधी बंद बाटली अर्धा तास थंड पाण्यात, मग फ्यूम हूडमध्ये, चष्मा लावून, तोंड दुसरीकडे करून, झाकण अगदी सावकाश.

हायड्रोजन पेरॉक्साइडला हवा जाणारं झाकण मूळ बाटलीलाच असतं. ते बदलून घट्ट झाकण लावू नका आणि बाटलीतून काढलेलं उरलेलं द्रावण परत ओतू नका, धुळीचा कण गेला तरी विघटन वाढतं. डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतं, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात खोलीतच. ते शक्यतो सुट्टीआधी संपवायचं. उघडलेल्या ईथरमध्ये पेरॉक्साइड तयार होतात, म्हणून सहा महिन्यांहून जुनी उघडी बाटली वापरायची नाही आणि तळाशी स्फटिक दिसले तर हातही लावायचा नाही.

आधीच बिघडलेलं

कॅल्शियम क्लोराइडचा पाक झाला असेल तर फेकायची घाई नको, द्रावण म्हणून चालतं. फेरिक क्लोराइडही गुणात्मक चाचण्यांना चालतं. मोहरच्या क्षाराची (फेरस अमोनियम सल्फेटची) फिकट हिरवी छटा जाऊन तपकिरी झाक आली असेल तर तो टायट्रेशनला घेऊ नका. पण दगड झालेल्या ॲल्युमिनियम क्लोराइडची किंवा सोडियमची, ज्यातलं रॉकेल आटलं आहे, अशी बाटली ठोकून, खरवडून उघडायला जाऊ नका. सिंकमध्ये तर नाहीच. अशा मालासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने चालणारी घातक कचऱ्याची केंद्रं तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. वर्षातून एकदा माल तिकडे पाठवता येतो.

शेवटचा बदल प्रयोगशाळेत नाही, ऑफिसात करावा लागला. ३१ मार्चच्या आत निधी खर्च करायचा म्हणून वर्षभराचं कॉस्टिक, फेरिक क्लोराइड, ईथर एकदम यायचं, मग एप्रिल-मे तापायचं आणि जूनपासून भिजायचं. वर्ग सुरू होईपर्यंत अर्धा माल गेलेला. आता आम्ही मार्चमध्ये काचसामान, फिल्टर पेपर आणि न बिघडणारे क्षार घेतो. ओलाव्याची रसायनं शंभर आणि अडीचशे ग्रॅमच्या पॅकमध्ये, ऑक्टोबर संपताना मागवतो. किलोमागे भाव जास्त पडतो म्हणून लेखापालांनी पहिल्या वर्षी फाइल परत पाठवली होती. मी फाइलसोबत आधीच्या तीन वर्षांतल्या फेकलेल्या बाटल्यांची यादी जोडली, आणि मंजुरी आली.